ओल्या फडक्यातला फोन

“मंदे, याले तर ताप आला,” बाबा म्हणाले.

दोन सीटांच्या मधून पुढे वाकून त्यांनी डॅशबोर्डवरच्या फोनला हाताची उलटी बाजू लावली होती, लेकराच्या कपाळाला लावतात तशी. मला हसू आलं. गाडी चालवता चालवता प्रफुल्ल, माझा नवरा, तोही हसला. तेवढ्यात फोनचा पडदा काळा झाला आणि त्यावर सूचना उमटली, की फोन फार तापला आहे, थंड होईपर्यंत चालणार नाही. मग कोणी हसलं नाही.

पांढरकवड्याहून नागपूरला निघालो होतो. ऐन मे महिना, वर डोकं काढू न देणारं ऊन, आणि शेजारच्या तडसांकडून मागून आणलेली गाडी. तिला एसी होता, म्हणजे एसीचं बटण होतं. माझ्या दोन्ही किडन्या जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. डायलिसिस चालू होतं आणि पाण्यावर रेशन. अंगात गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही, त्यामुळे दिवसभराचं पाणी एका लहान तांब्यात मोजून ठेवलेलं असायचं. भर उन्हाळ्यात विदर्भात राहायचं आणि पाणी प्यायचं नाही, याहून मोठी थट्टा देवाला सुचली नसेल.

सकाळी नागपूरच्या हॉस्पिटलातून फोन आला होता. कोणीतरी गेलं होतं आणि जाता जाता किडन्या देऊन गेलं होतं, त्यातली एक या हॉस्पिटलला मिळाली होती. तिथली बाई अगदी शांतपणे बोलत होती. “तुमच्याआधी एक नाव आहे. त्यांचं रक्त जुळलं तर किडनी त्यांना. नाही जुळलं तर तुम्हाला. तुम्ही निघा, वाटेत काही खाऊ नका, आणि फोन चालू ठेवा. फोन लागला नाही तर आम्हाला पुढच्या नावाला विचारावं लागतं, ताई. थांबता येत नाही.”

हे शेवटचं तिने मला सांगायची गरज नव्हती. संक्रांतीच्या सुमाराला एकदा असाच फोन येऊन गेला होता. मी तेव्हा नणंदेच्या गावी होते, तिथे फोनला रेंज नाही. परतताना फाट्यावर आले तेव्हा मिस्ड कॉलची ही रांग. ती किडनी दुसऱ्या कोणाला तरी गेली. त्याचं भलं झालं असेल, होवो. पण दुसऱ्यांदा एवढं मोठं मन करणं मला जमणार नव्हतं.

आणि आता तोच फोन मेल्यासारखा पडला होता. आदल्या रात्री लाइट नव्हती, म्हणून तो चार्ज झालाच नव्हता. गाडीत चार्जिंगला लावून काचेखाली ठेवला, रेंज तिथे बरी मिळते म्हणून. वरून ऊन, आतून चार्जिंग. प्रफुल्लकडे फोन होता, त्याचाही नंबर हॉस्पिटलला दिला होता, पण त्याच्या कंपनीला करंजी गाव सुटलं की थेट बुटीबोरीपर्यंत रेंज ठाऊक नाही. माझं सिम काढून त्याच्या फोनात घालावं, तर त्याचा फोन बटणांचा, जुन्या मापाचा. माझं नखाएवढं सिम त्यात नुसतं खुळखुळलं असतं. बाबांनी तर आयुष्यात मोबाइल घेतलाच नव्हता. “ज्याले बोलाचं असन तो येते ठेल्यावर,” हे त्यांचं उत्तर.

“वडकीले बर्फ घेऊ,” प्रफुल्ल म्हणाला. “बर्फावर ठेवू त्याले.”

“बर्फावर नोका ठेवू, जवाईबापू,” बाबा म्हणाले. “बर्फावर ठेवलेलं पान काळं पडते.”

“मामाजी, हे पान नाही, फोन हाये.”

“म्हणूनच म्हणतो. पान गेलं तर दुसरं लावता येते.”

बाबांचा पांढरकवड्याला बसस्टँडजवळ पानठेला होता. चाळीस वर्षं त्यांनी एकच कला जोपासली, ती म्हणजे उन्हाळ्यात पान जगवणं. पानाची करंडी येते, ती ओल्या फडक्यात गुंडाळायची. फडकं भिजलेलं हवं पण गळतं नको. पानं घटकेघटकेला उलटायची. मी लहानपणी तहान तहान करत ठेल्यावर गेले तरी आधी करंडीवर पाणी शिंपडलं जायचं, मग माझ्या हातावर. “आधी पानाले, मग पानवाल्याले,” असा त्यांचा कायदा. आई असेपर्यंत या कायद्यावर घरात रोज भांडण व्हायचं.

वडकीला रस्त्याच्या कडेला एकच दुकान उघडं होतं. उघडं म्हणजे पुढे ओलं पोतं टांगलेलं आणि आत मालक गंजीफ्रॉकवर बसलेला. समोरच्या कडुनिंबाखाली दोन साळुंक्या पडल्या होत्या. मला वाटलं, सावलीला बसल्या आहेत. मग पाहिलं, चोची उघड्या होत्या आणि त्यांच्यावरून मुंग्या चालल्या होत्या.

“सकाळपासून पाखरं पडून रायली झाडावरून,” मालक म्हणाला. माझा सुजलेला चेहरा, हातावरच्या सुयांच्या खुणा त्याने पाहिल्या. “अशा उन्हात पेशंट घेऊन कुठी निघाले? संभाळा बाप्पा बाईले.”

सगळे मलाच सांभाळत होते. बाबा तर निघाल्यापासून माझ्या हातावर एकेक लवंग ठेवत होते. लवंग तोंडात धरली की तोंडाला पाणी सुटतं, तेवढीच तहान फसते. ही युक्तीही ठेल्यावरचीच. आता ते पोत्याआड जाऊन रांजणातून बाटल्या भरून आले. एका हातात दुधाची रिकामी, धुतलेली पिशवी होती, मालकाकडून मागून घेतलेली.

“तुम्ही प्याले का, मामाजी?” प्रफुल्लने विचारलं.

“तिथंच पिऊन आलो, रांजणापाशी. चला तुम्ही.”

फोन चार्जरवरून काढला, दुधाच्या पिशवीत घालून तोंड गुंडाळलं. मग बाबांनी डोक्याचा दुपट्टा सोडला. निघाल्यापासून तो त्यांच्या डोक्याकानांना गुंडाळलेला होता, आमच्याकडे उन्हात कोणी त्याशिवाय बाहेर पडत नाही. तो त्यांनी भिजवला, पिळला, झटकला आणि त्यात पिशवी गुंडाळली. हात इतके सराईतपणे चालले होते की ठेल्यावर बसल्याचा भास व्हावा.

“डोक्याले काय बांधता आता?” मी म्हटलं.

“गाडीत कायले पायजे डोक्याले? वर टप हाये नं.”

गाडी निघाली. थोडं अंतर गेलो असू, मागून बारीकसा सूर ऐकू आला. फोन पुन्हा सुरू झाला होता. मी मागे हात करून मागितला, तर बाबांनी दिला नाही. “माझ्यापाशीच राहू दे. तुझ्या अंगाची गरमी लागन त्याले.”

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माणूस दोन वर्षं आजारी असला की त्याला दुसऱ्याच्या हातात काहीतरी सोपवून डोळे मिटावेसे वाटतात. मी डोळे मिटले. पण त्या उन्हाला डोळे मिटून चुकवता येत नव्हतं. पापण्यांच्या आतसुद्धा सगळं लाल. काचा उघडल्या की भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा तोंडावर यायचा, बंद केल्या की श्वास कोंडायचा. पुढच्या दोन काचा आम्ही अर्ध्या ठेवल्या होत्या. मागच्या काचा बाबांनी पूर्ण वर केल्या.

“मामाजी, काच खाली घ्या थोडी.”

“वाऱ्यानं फडकं सुकते, जवाईबापू.”

रस्त्यावर माणूस नव्हतं. एक मोटारसायकलवाला समोरून गेला, डोळ्यांपुरती फट सोडून सगळं तोंड बांधलेला, आणि त्याने आमच्याकडे मान वळवून पाहिलं. एवढ्या उन्हात हे कुठे निघाले, असंच त्याला वाटलं असणार. शेतांमध्ये कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग पेटवलेले होते की नुसती हवा थरथरत होती, कळत नव्हतं. डांबर ओलं दिसायचं, जवळ गेलं की कोरडं. माझं तांब्याने मोजलेलं पाणी मी बाटलीच्या झाकणाने पीत होते आणि प्रत्येक झाकणाला वाटत होतं, आता फोन वाजेल आणि ती शांत बाई सांगेल की पहिल्याचं जुळलं.

“बाबा, किती गरम झाला?”

“गार हाये. कपुरीच्या पानावानी.”

मागे पाण्याचा आवाज झाला. म्हटलं, प्यायले वाटतं. जरा वेळाने पुन्हा झाला. वडनेरला प्रफुल्लने गाडी थांबवून आणखी बाटल्या घेतल्या, गार नव्हत्या, पण पाणी होतं. त्या सगळ्या त्याने मागे दिल्या. “प्या बरं तुम्ही, मामाजी,” तो म्हणाला. बाबा “हो” म्हणाले. मग पुन्हा पाण्याचा आवाज.

हिंगणघाट मागे पडलं तेव्हा बाबा ठेल्यावरच्या आवाजात बोलू लागले.

“कोण्तं लावू? साधा का मिठा?”

“मिठा लावा,” मी म्हटलं. त्यांना थट्टा करायची सवय होती आणि मला वाटलं, माझं मन रमवावं म्हणून चाललंय. “गुलकंद जास्तीचा.”

“चुना कमी?”

“चुना नकोच.”

“चुना नाही तर पान कशाचं,” ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “बस येऊन रायली. सांग त्याहीले, बस येऊन रायली.”

“कोणती बस, मामाजी?” प्रफुल्लने आरशात पाहत विचारलं. मग प्रफुल्ल माझ्याकडे वळून पुटपुटला, “झोपेत हायेत वाटते.” मीही मान हलवली. म्हातारं माणूस, पहाटेपासून जागं. झोपू दे म्हटलं. पण बाबा बोलत होते तोवर तो रस्ता रस्ता होता. ते गप्प झाले आणि इंजिनाचा आवाज फार मोठा वाटू लागला. मला मागे वळून पाहायचं होतं आणि मी पाहत नव्हते. का ते मला आजही सांगता यायचं नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

एकदा वाजला, दोनदा वाजला, वाजतच राहिला.

“बाबा, फोन.”

मी पट्टा सोडून मागे वळले. बाबा बसलेलेच होते. डोळे अर्धे उघडे. दुपट्ट्याचं ते ओलं गाठोडं त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि त्यांच्या बाजूने येणारं ऊन त्यावर पडू नये म्हणून ते त्याच्यावर पूर्ण वाकले होते. ते ऊन त्यांच्या उघड्या मानेवर पडत होतं. मी गाठोडं ओढलं. ते गार होतं, खरंच पानासारखं गार. आणि ते घेताना माझी बोटं त्यांच्या मनगटाला लागली. मनगट तव्यासारखं तापलेलं होतं, आणि कोरडं. एवढ्या उन्हात त्यांच्या अंगावर घामाचा एक थेंब नव्हता.

पिशवीवरूनच बटण दाबलं. तीच शांत बाई.

“मंदाताई? पहिल्या पेशंटचं जुळलं नाही. आता तुमचं नाव. कुठपर्यंत आलात?”

“जामच्या अलीकडं,” मी म्हटलं.

“येताय ना नक्की? मी डॉक्टरांना हो सांगते.”

मी बाबांकडे पाहत होते. “हो सांगा,” मी म्हटलं.

जामच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक पाणपोई होती. तुराट्यांचं छप्पर, आत लाल फडकी गुंडाळलेले रांजण. प्रफुल्लने गाडी थेट छपराला टेकवली. पाणपोईवर बसणारे एक म्हातारेबुवा होते आणि सावलीला थांबलेले दोन ट्रकवाले. चौघांनी मिळून बाबांना उचलून रांजणांमधल्या ओल्या मातीवर निजवलं. कोणी काही विचारलं नाही, त्या दिवसांत विचारावं लागत नव्हतं. एकाने ओंजळी ओतल्या, एकाने सदरा फाडून काढला, बुवांनी रांजणावरचं फडकं काढून त्यांच्या छातीवर टाकलं. ट्रकवाल्याने अँब्युलन्सला फोन केला.

“हिंगणघाटले न्यावं लागन,” प्रफुल्ल म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “मागं फिरावं लागन, मंदा.”

हिंगणघाट मागे होतं, नागपूर पुढे. मला बाबा हवे होते आणि मला जगायचंही होतं. त्या रस्त्यावर दोन्ही एका दिशेला नव्हतं. मी नुसती उभी राहिले.

पाण्याने बाबांनी डोळे उघडले. कुठे आहोत ते त्यांना कळत नसावं, पण मी त्यांना दिसले.

“फोन?” ते म्हणाले.

“आला, बाबा. किडनी मलेच भेटून रायली. बोलावलं त्याहीनं.”

“मग काऊन उभी हायेस?”

“तुमाले घेऊन जातो नं.”

त्यांनी मान हलवली. हात उचलून रस्त्याकडे केला, गिऱ्हाईक उगाच रेंगाळलं की करायचे तसा. “जवाईबापू, न्या तिले.”

“जा बाई तुम्ही,” पाणपोईवाले बुवा म्हणाले. “गाडी येऊनच रायली हिंगणघाटची. मी बसतो त्याहीच्यासंग गाडीत. माणूस माणसाच्या कामाले येते.”

“हिले सोडतो अन् तसाच पलटतो,” प्रफुल्ल त्यांना म्हणाला. त्याने मला दंडाला धरून गाडीत बसवलं. गाडी सुरू झाल्यावर मी मागच्या काचेतून पाहिलं. बुवा बाबांच्या तोंडाशी पेला नेत होते. एवढंच दिसलं.

प्रफुल्लने मला हॉस्पिटलच्या दारात त्याच्या नागपूरच्या बहिणीच्या हवाली केलं आणि गाडीचं इंजिन बंदही न करता फिरला. पुढचं फार मला आठवत नाही. रक्त घेतलं, कागदांवर सह्या घेतल्या, भूल दिली. जाग आली तेव्हा पोटात दुसऱ्या कोणाची तरी किडनी होती आणि ती काम करत होती.

मग काचेच्या खोलीतले दिवस. आत येणाऱ्याला डोक्यावर निळी टोपी, तोंडाला मास्क, अंगावर झगा. माणसांचे नुसते डोळे दिसायचे. प्रफुल्ल रोज यायचा.

“बाबा कसे हायेत?”

“बरे हायेत. अशक्तपणा हाये. घरीच ठेवलं.”

“फोन देजा मले, बोलतो मी त्याहीच्याशी.”

“ठेल्याचं माहीत नाही का तुले? फोनवर कुठी बोलतात ते.”

हे खरंच होतं, म्हणून मी गप्प बसायची. नणंदही तेच सांगायची, शब्दन् शब्द तेच. दोन माणसं एकच गोष्ट अगदी एकाच शब्दांत सांगू लागली की काळजाला कळतं. पण मी माझ्या काळजाला बोलू दिलं नाही. टाके ओले होते, आणि डॉक्टरांनी रडायचं नाही, खोकायचं नाही, असं बजावलं होतं.

घरी सोडलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये गाडीची वाट बघत उभे होतो. ऊन तसंच होतं. प्रफुल्लने मास्क खाली ओढला, आणि घाम पुसायला म्हणून, विसरून, डोक्यावरची टोपी काढली. त्याला दाट केस होते, लग्नात माझ्या मैत्रिणींनी चिडवावं असे. आता डोक्यावर नुसते खुंट होते. बाबांना मुलगा नव्हता, मी एकटीच. अग्नी कोणी दिला ते मला विचारावं लागलं नाही. त्याच्याही लक्षात आलं, आणि त्याने टोपी परत घातली नाही.

“कधी?” मी विचारलं.

“तुले आत नेलं त्याच संध्याकाळी. मी पोचलो तवा...” त्याने कपाळावरचा घाम पुसला. “डॉक्टर म्हणे, अंगात पाणीच नव्हतं. म्हटलं, कसं नव्हतं? मी सोता बाटल्या देत होतो मागं. मग वडकीच्या दुकानवाल्याले जाऊन विचारलं. तो म्हणे, आजोबानं घाईघाईनं बाटल्या भरल्या अन् गेले. प्याले नाही.”

“आणि पाणपोईवर? पेला नेला होता नं बुवांनी तोंडाशी. मी पाह्यलं.”

प्रफुल्लने हातातल्या टोपीची घडी घातली.

“तोंड मिटून घेत होते म्हणे. बुवा सांगत होते. पेला नेला की मान फिरवायचे. म्हणायचे, पोरगी पाहून रायली. तिले पिता येत नाही, तिच्यासमोर नाही पेत मी.”

दोन वर्षं ते आमच्याच घरी राहत होते. जेवताना माझ्या समोर बसायचे. मी आठवून पाहिलं, सगळ्या दुपारी, सगळी जेवणं आठवून पाहिली. त्यांच्या ताटाशेजारी पेला मला दिसला नाही. ते जेवण झालं की हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात जायचे आणि जरा वेळाने मिशा पुसत यायचे. गाडीला मागचं अंगण नव्हतं.

“मग?” मी विचारलं. “काहीच नाही प्याले?”

“तुमची लेक गेली, असं सांगतलं त्याहीले बुवांनी,” प्रफुल्ल म्हणाला. “नागपूरच्या वाटेनं गेली, आता इथं कोणी नाही, असं कानाशी सांगतलं. तवा घोटभर प्याले.”